मूल पहिलीतच का अडकतं? उत्तर शोधायला ताराबाई मोडकांनी शाळाच पाड्यावर नेली

अंधेरी किंवा बोरिवलीच्या फलाटावर उभं असताना इंडिकेटरवर अधूनमधून 'डहाणू रोड' झळकतं. विरारच्या पुढे जायचं नसेल तर आपण त्या गाडीकडे फारसं बघतही नाही. डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड, आणि तिथून जवळच समुद्राकाठचं बोर्डी. आज या पट्ट्याचं नाव काढलं की चिकू आणि वीकेंडचे रिसॉर्ट आठवतात.

१९४५ साली मात्र एक ५३ वर्षांची बाई दादरमधली आपली छान चाललेली संस्था सहकाऱ्यांच्या हाती सोपवून इथे राहायला आली. नाव ताराबाई मोडक. ज्या वयात लोक निवृत्तीचा हिशोब मांडायला लागतात, त्या वयात त्यांनी बोर्डी गाठली ती एका प्रश्नासाठी. काही मुलं शाळेत तरून जातात आणि काही पहिल्या एक-दोन वर्षांतच गळतात. असं का होतं?

हा प्रश्न तेव्हा किती मोठा होता, ते एका आकड्यावरून कळतं. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हारटॉग समितीने १९२९ मध्ये अहवाल दिला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीपर्यंत पोचली होती फक्त १८. बाकीची एक तर शाळा सोडून गेली होती किंवा खालच्याच वर्गात बसून होती. सरकारी कागदांत या प्रकाराला गळती वगैरे नावं पडली. नावावरून असं वाटतं की दोष गळणाऱ्यांचाच. पोरं मठ्ठ, आईबाप अडाणी, संपला विषय.

ताराबाईंचं आयुष्य हा 'संपला विषय' पुन्हा उघडण्यात गेलं. तेही एका फटक्यात नाही. त्या टप्प्याटप्प्याने सरकत गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना उत्तराचा वेगळा तुकडा सापडला.

मुंबई, अमरावती, राजकोट

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केलं होतं. एकोणिसाव्या शतकात हे करणं म्हणजे नातेवाईक, जातभाई, शेजारी अशा सगळ्यांशी एकाच वेळी वैर घेणं. त्यामुळे मुलीला शिकवावं की नाही यावर या घरात खल झाला नाही. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झालं. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले आणि ताराबाई लहान मुलीला घेऊन बाहेर पडल्या. रत्नाकर मतकरींचं 'घर तिघांचं हवं' हे नाटक त्यांच्याच आयुष्यावर आधारलेलं आहे, त्यामुळे तो भाग इथे लांबवत नाही.

पोट भरायला नोकरी हवी होती. ती राजकोटला मिळाली. मुलींना शिक्षिका बनवणाऱ्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. चांगला पगार, मानाची जागा. एकट्या आईने अशी नोकरी हातची सोडू नये, असं कुणीही म्हटलं असतं. ताराबाईंनी ती १९२३ मध्ये सोडली, कारण दीडेकशे किलोमीटरवरच्या भावनगरमध्ये एक वकील लहान मुलांची शाळा चालवत होता आणि तिथे काहीतरी वेगळं घडत होतं.

तो वकील म्हणजे गिजुभाई बधेका. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती या संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिश्या असलेली आई, म्हणायचे. त्यांचं 'दिवास्वप्न' शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. एक शिक्षक वर्षभरासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो आणि छडी, पाठांतर बाजूला ठेवून गोष्टी, खेळ, नाटक यांतून शिकवतो, असा तो मामला.

भावनगरच्या साधारण नऊ वर्षांत ताराबाईंना मिळालेला उत्तराचा पहिला तुकडा म्हणजे भीती. मार बसेल या धास्तीत बसलेलं मूल ऐकत असतं, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नसतं. शिक्षा जशी वाईट तसंच बक्षीसही. बक्षिसासाठी शिकणारं मूल बक्षीस थांबलं की थांबतं. गिजुभाईंबरोबर त्यांनी मासिकं काढली, पुस्तकं लिहिली, शिक्षक तयार केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली.

या सगळ्याच्या मुळाशी मारिया मॉन्टेसरींची पद्धत होती. इथे थोडं थांबू, कारण आज 'मॉन्टेसरी' शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येते ती फी. मुलुंड-घाटकोपरमध्ये ही पाटी लावलेल्या शाळा पावलोपावली दिसतात. पण मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह १९०७ मध्ये उघडलं ते रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर उनाडणारी पोरं गोळा करण्यासाठी. ती पद्धत भारतात पोचली तोवर सुखवस्तू घरांची झाली होती. लाकडी साधनं महाग होती, इमारत लागायची, प्रशिक्षित बाई लागायच्या. भावनगरचं बालमंदिरही मुख्यतः खात्यापित्या घरांतल्या मुलांचंच होतं.

दादरची मुलं

ताराबाईंनी १९३२ मध्ये भावनगर सोडलं आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. लवकरच तिथे शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिरही उभं राहिलं.

इथली मुलं नोकरदार मध्यमवर्गातली. घरात पुस्तकं, पोटात अन्न, आईबाप शिकलेले. तरीही काही मुलं शाळेत मागे पडत, अडखळत, रडत. मग कारण काय? ताराबाईंनी या वेळी बोट ठेवलं ते घरावर. शेजारच्या मुलाशी तुलना, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घेण्याची घाई, जेवणावरून मारामारी, येताजाता धपाटे. मराठी 'शिक्षणपत्रिके'तून त्या वर्षानुवर्षं पालकांशी याच गोष्टींबद्दल बोलत राहिल्या. मूल खोटं का बोलतं, हट्ट का करतं, त्याला भीती कशाची वाटते, अशा साध्या विषयांवर. शिक्षण म्हणजे शाळेत घडतं ते, असं मानणाऱ्या काळात हे नवीन होतं. (सीनियर केजीच्या मुलाला ट्यूशन लावणाऱ्या आजच्या आईबापांना ते आजही नवीन वाटेल.)

शिशुविहारचं नाव झालं. इथेच थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाईंचं पान पक्कं होतं. पण त्यांना खुपत होतं ते हे की, ज्या मुलांना या सगळ्याची खरी गरज, ती त्यांच्या दारात येतच नव्हती.

त्याच सुमारास गांधीजींच्या नई तालीमचा विस्तार होत होता. १९३७ च्या वर्धा परिषदेत ७ ते १४ वयाच्या मुलांचा विचार झाला होता. १९४५ पर्यंत त्याआधीच्या वयाची, म्हणजे पूर्व-बुनियादी शिक्षणाची चर्चा सुरू झाली. खेड्यातल्या गरीब मुलासाठी, जवळपास बिनपैशात बालशाळा चालवता येईल का? ताराबाईंनी ठरवलं की करून बघायचं. जागा निवडली बोर्डी.

बोर्डीत मुलंच येईनात

बोर्डीची गोष्ट सांगताना अनुताई वाघांना वगळून चालत नाही. त्या ताराबाईंपेक्षा १८ वर्षांनी लहान. बालपणीच लग्न, बालपणीच वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे दोघींची गाठ पडली आणि अनुताई पुण्याची नोकरी सोडून ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या. आज गजबजलेल्या बोरिवलीचा बालशिक्षणाच्या इतिहासाशी हा असा संबंध आहे. पुढची सगळी वर्षं आराखडा ताराबाईंचा आणि पाय अनुताईंचे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. जागा होती, शिकवणाऱ्या होत्या, उत्साह होता. मुलं नव्हती.

का नव्हती, हे कळण्यासाठी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा कोपरा बघायला हवा. डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर वारली कुटुंबं सावकार-जमीनदारांकडे वेठबिगारीत अडकलेली होती. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही धन्याकडे राबायची. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. ते कर्ज कधी फिटायचं नाही. पावसाळ्यानंतर गवत कापणीचा हंगाम यायचा. ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. मुंबईकरांच्या चहात पडणाऱ्या दुधामागे या पाड्यांवरची मजुरी होती.

आता या घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. आईबाप उजाडताच कामावर जातात. कडेवर धाकटं भावंड असतं. तिचा भाऊ गुरं घेऊन रानात. पोटात रात्रीचं काहीतरी, किंवा काहीच नाही. अंगावर धड कपडा नाही. गावातली शाळा पाड्यापासून लांब. आणि पाड्यावर येणारा कपडेवाला परका माणूस म्हणजे सावकाराचा माणूस, जंगल खात्याचा शिपाई नाहीतर पोलीस. त्यामुळे असं कुणी दिसलं की पोरं झाडीत पळायची. एवढ्यातूनही एखादं मूल शाळेत पोचलंच, तर गुरुजींची पुस्तकी मराठी त्याला परकी आणि त्याची वारली बोली गुरुजींना गावंढळ वाटणार. वर्षाअखेर त्याच्या नावापुढे नापास लागलं, तर त्या निकालात मुलाच्या बुद्धीचा भाग नेमका किती?

ताराबाई आणि अनुताईंनी केलं ते एवढंच की मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यायची. सामान उचलायचं, पाड्यावर जायचं आणि कुणाच्या तरी अंगणात बसायचं. आईबापांच्या नजरेसमोर, झोपडीच्या सावलीत. मुलं आधी लांबून बघायची, मग जवळ यायची. या अंगणातल्या वर्गाला नाव पडलं अंगणवाडी. हो, आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द तोच.

सुरुवात धड्याने होत नसे. आधी हातपाय धुणं, आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. शहरी नजरेला वाटेल, ही कसली शाळा? पण खरजेने अंग खाजत असेल, डोळे चिकटलेले असतील तर मूल अक्षराकडे बघणार कसं? मग गाणी, गोष्टी, नाच. ज्या गोष्टी पाड्यावर आधीच होत्या त्या. मॉन्टेसरींची महागडी साधनं इथे परवडणं शक्य नव्हतं, म्हणून ती बदलली. मोजायला शिंपले, खडे आणि बिया. आकार-रंगासाठी पानं-फुलं. हात वळवायला माती. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं अंगणात पडलेलंच होतं. पद्धत तीच राहिली, खर्च गळून पडला. माझ्या मते ताराबाईंच्या कामातली ही सगळ्यात हुशार गोष्ट. आणि कौतुकही सगळ्यात कमी झालं ते हिचंच, कारण शिंपल्यांचा फोटो लाकडी साधनांइतका देखणा येत नाही.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी. ताराबाई बोर्डीत उतरल्या त्याच १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचा उठाव झाला. वेठबिगारीला नकार, गवत कापणीला रास्त मजुरी, या मागण्या होत्या. गोळीबार झाला, माणसं मेली, पण वेठ मोडली. ताराबाईंवर लिहिताना बहुतेक लोक हा भाग गाळतात. दोन्ही गोष्टींचा मार्ग वेगळा होता, माणसं वेगळी होती. तरी त्या पाड्यावरच्या मुलाच्या बाजूने बघितलं तर बाप धन्याचा गडी राहिला असता, तर कितीही गोड गाणी म्हणून ते मूल चौथीपर्यंत टिकलं नसतं. शाळा पाड्यावर नेणं आणि पाड्याची वेठ मोडणं, दोन्ही लागलं.

कोसबादची टेकडी

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर हललं. बोर्डी गाव तरी होतं. कोसबाद थेट आदिवासी पाड्यांच्या मधोमध. इथे ताराबाईंनी केलेली मांडणी म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी.

वरवर बघता यात विशेष काय? गंमत पाळणाघरात आहे. थोरली बहीण शाळेत येत नव्हती कारण तान्हं तिच्या कडेवर होतं. तान्ह्याला पाळणाघरात ठेवलं की तिचे हात मोकळे झाले आणि ती पहिलीच्या वर्गात बसू शकली. मधलं भावंड बालवाडीत. तिघं एकत्र आली, एकत्र घरी गेली. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीची हजेरी वाढवायची तर उपाय आठ महिन्यांच्या बाळासाठी करावा लागतो. वर्गात बसून हे कुणालाही सुचलं नसतं.

बालवाडीतून पहिलीत गेलेल्या मुलाचा दुसरा फायदा असा की त्याला शाळा ओळखीची झालेली असे. ओळीत बसणं, परक्या बाईंशी बोलणं, दोन वाक्यांत गोष्ट सांगणं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असे. पहिलीत अडकणारी बरीच मुलं अक्षराला अडत नाहीत. ती आधीच्या या पायरीला अडतात. मध्यमवर्गीय घर ही पायरी न सांगता बांधून देतं, म्हणून ती तिथे दिसत नाही.

राहिली गुराखी पोरं. त्यांच्यासाठी निघाली कुरणशाळा. गुरं जिथे चरायला जातात तिथेच शिक्षकाने जायचं. गुरांवर एक डोळा, धड्यावर दुसरा. मुलाने काम सोडून शाळेत यावं हा हट्ट सोडला आणि त्याच्या कामाच्या वेळेत शाळा बसवली. बालमजुरीच्या आजच्या व्याख्येने बघितलं तर यावर आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच चुकीचा नसेल. गुरं राखणं गृहीत धरूनच ही शाळा आखली होती. पण तेव्हा त्या मुलापुढे पूर्ण वेळ शाळा हा पर्याय नव्हताच. होता तो कुरणशाळा की काहीच नाही, एवढाच.

१९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कोसबादचं काम अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतः जाईपर्यंत पुढे नेलं.

मग त्या अंगणवाडीचं काय झालं?

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. प्रायोगिक स्वरूपात देशभरात ३३ प्रकल्प होते. तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. महाराष्ट्रातले सुरुवातीचे प्रकल्प दोन, एक मुंबईतल्या धारावीत आणि दुसरा मेळघाटातल्या धारणीत. धारणी अमरावती जिल्ह्यात येतं. ज्या अमरावतीतून ताराबाई लेकीला घेऊन बाहेर पडल्या होत्या, त्याच जिल्ह्यात.

शब्द देशभर गेला, पण त्यातला अर्थ वाटेत थोडा सांडला. सरकारी अंगणवाडीवर पोषण आहार, वजन, लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, सर्वेक्षणं असं सगळं आलं. ही कामं गरजेची आहेतच, उपाशी मूल शिकत नाही हे ताराबाईंनीच दाखवलं होतं. पण रजिस्टरं भरता भरता गोष्टी-गाणी-खेळ मागे पडले. पूर्वप्राथमिक शिक्षण हा योजनेचाच भाग असूनही तो तिचा सगळ्यात अशक्त भाग राहिला.

मुंबईत ती जागा बऱ्याचदा संस्थांनी भरून काढली. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सत्तरच्या दशकात मोबाइल क्रेशने साइटवरच पाळणाघरं उघडली. नव्वदच्या दशकात 'प्रथम'ने वस्त्यांमध्ये, कुणाच्या घरात तर कुठे देवळात, बालवाड्या भरवल्या. उपनगरात टॉवर बांधणाऱ्या मजुराची मुलगी आजही कडेवर भाऊ घेऊन फिरताना दिसते. बोर्डीच्या पाड्यावरच्या मुलीत आणि तिच्यात फरक असलाच तर भाषेचा आणि सिमेंटच्या धुळीचा आहे.

कायद्याचं बघायचं तर शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला तो ६ ते १४ वयासाठी. ताराबाईंनी हयात घालवली ते तीन ते सहाचं वय त्या हक्काच्या बाहेरच राहिलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी एकत्र. विकासवाडीत हे एका टेकडीवर साठेक वर्षांपूर्वी चालू होतं. दुसरीकडे, २०१९ मध्ये कायद्यात बदल होऊन पाचवी आणि आठवीत मुलांना पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली.

आणि हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्या अंगणवाडी सेविकांना आजही पगार मिळत नाही, मिळतं ते मानधन. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन या मागण्यांसाठी संपावर गेल्या. दीड महिन्याहून जास्त काळ अंगणवाड्या बंद होत्या. मोर्चे निघाले, आझाद मैदानात आंदोलन झालं. त्या दिवसांत वस्तीवस्तीतली तीन ते सहा वयाची मुलं काय करत होती, याची बातमी फारशी कुठे आली नाही.